चाकांवरचे बिऱ्हाड मालवणच्या किनारी

भाताची मळणी आटोपली, शाळू उगवून वर आला आणि ऊसतोडीची पाळी अजून लांब आहे, असे आठ-दहा दिवस नोव्हेंबर-डिसेंबरात घाटावरच्या पुष्कळ घरांना मिळतात. त्यातले तीन दिवस काढून पोराबाळांना समुद्र दाखवावा असे तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असते. त्याबाबत मला विचारणारे गाडीचे आणि खर्चाचे विचारतात. तंबू कुठे ठोकायचा आणि पाण्यात कुठे उतरायचे, हे सहसा कोणी विचारीत नाही. खरी गोष्ट तीच आहे.

आधी गाडीचे उरकू. राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. कॅरॅव्हॅन म्हणजे झोपायची जागा, ओटा, संडास सारे आत असलेली गाडी. चौघांच्या घराला ती सोयीची. पण आपल्याकडे आजी, काकू, चुलत भावंडे धरून दहा माणसे निघतात. अशांनी प्रवासी टेम्पो ठरवावा आणि दोन तंबू सोबत घ्यावेत. घरचा पिकअप आहे म्हणून मागे माणसे भरू नका. मालाच्या गाडीत माणसे नेणे कायद्यात बसत नाही, आणि घाटात काही झाले तर विम्याचे पैसेही अडकतात. गाडीत झोपणार असाल तर काचा लावून आत शेगडी पेटवू नका, इंजिन चालू ठेवून निजू नका. त्या धुराला वास नसला तरी तो झोपेतच माणूस नेतो.

कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल असे मालवण सुमारे दीडशे किलोमीटर पडते. पहाटे निघालात तर दुपारच्या जेवणाला पोहोचाल. मालवणच्या पुढे तारकर्ली आणि देवबाग. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी, अशी ही जागा आहे. इथला रस्ता अरुंद, माडांच्या झावळ्या आणि विजेच्या तारा खाली आलेल्या. उंच गाडी नेणाऱ्यांनी आधी चौकशी करावी.

मुक्काम समुद्राच्या तोंडावर करू नका. दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे येतात आणि दुपारनंतर जोर धरतात. सुरूच्या झाडांमागे किंवा खाडीच्या बाजूला एखाद्याच्या वाडीत, मालकाला विचारून आणि ठरलेले पैसे देऊन तंबू लावावा. विहिरीचे गोडे पाणी आणि बायकांसाठी न्हाणीघर आहे का, हे फोनवरच विचारून घ्या. माडाच्या बुंध्याशी तंबू नको. नारळ पडायची वेळ सांगून येत नाही. वाळूत खुंटी धरत नाही. त्यासाठी खताची रिकामी पोती न्या, वाळूने भरा, दोरी पोत्याला बांधून हातभर खोल पुरा. सुरूखालचा वाळलेला पाला चटकन पेट घेतो, तेव्हा चूल तिथे मांडू नका.

आता पाण्याचे. आपली मुले विहिरीत सूर मारून पोहायला शिकलेली असतात आणि समुद्र पाहिला की त्यांना वाटते, हे तर कमरेएवढेच पाणी! विहिरीचे पाणी माणसाला ओढून नेत नाही, समुद्राचे नेते. लाटा जे पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात ते परत जायला वाट शोधते. भरलेल्या वाफ्याचा बांध एका जागी फुटला की सारे पाणी तिथूनच धावते ना, तसेच. जिथे लाट फुटत नाही, पाणी शांत आणि गडद दिसते, तीच ही वाट असण्याचा संभव मोठा. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत राहू नका, दमून जाल. अंग सैल सोडा, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा आणि मग परता.

देवबागचा संगम दिसायला सुरेख आहे. खाडीचा आडोसा तंबूला चांगला. पण खाडीच्या मुखाशी आंघोळ मुळीच नको. ओहोटी लागली की आतले सारे पाणी त्या अरुंद मुखातून समुद्राकडे धावते. तिथे चांगला पोहणाराही टिकत नाही.

भरती केव्हा, हे कोकणातली माणसे तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अदमासे वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते. ठिकाणाप्रमाणे वेळ मागेपुढे होते, म्हणून तिथल्या मच्छीमाराकडून पक्की करून घ्यावी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असते. मुले बरोबर असतील तर अष्टमीच्या आसपासचे दिवस निवडा. तेव्हा पाण्याची चढउतार कमी असते. तरीही लहानांना गुडघ्यापुढे जाऊ देऊ नये, आणि मोठ्यांपैकी एकाने कपडे न भिजवता काठावर नजर ठेवून बसावे. पाळीपाळीने बसलात तर कोणाची सहल वाया जात नाही.

एक दिवस सिंधुदुर्ग किल्ल्याला द्या. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचे बांधकाम सुरू केले. होडीत बसताना जीवरक्षक जाकीट मागून घ्या; देत नसेल तर दुसरी होडी पाहा. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पाण्याखालचे प्रवाळ मोडून घरी आणू नये.

आजरा-चंदगडकडच्या मंडळींनी परततीला वाट वाकडी करून वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र जरूर पाहावे. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती आणि नीलम व हापूस यांच्या संकरातून झालेला रत्ना आंबा तिथलाच. कलमे मात्र त्याच फेरीत गाडीत भरू नका. नोंदणीची चौकशी करून ठेवा आणि जूनमध्ये पाऊस धरला की न्या. घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. खारी वाळू राहिली तर पत्रा लवकर गंजतो.