शंभरच्या काट्यावरची थरथर

छत्रपती संभाजीनगरात गाडीचा काटा साठच्या वर न्यायची संधी क्वचितच मिळते. जालना रोडचे सिग्नल ती मिळू देत नाहीत. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि सावंगीला वर चढलं की कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा मिळू लागली. शहरात वर्षानुवर्षं मुकाट चालणारी गाडी अशा रस्त्यावर बोलायला लागते. स्टिअरिंग थरथरतं, सीटखाली गुरगुर होते, कुठून तरी घूं घूं आवाज येतो. मग गॅरेज गाठलं जातं. मिस्त्री गल्लीत चाळीसच्या वेगानं एक फेरी मारतो, त्याला काहीच जाणवत नाही, आणि ‘बॅलन्सिंग-अलाइनमेंट करून घ्या’ असं सांगून तो मोकळा होतो. दोष त्याचा नाही. जो बिघाड शंभरच्या काट्यावरच दिसतो, त्याचा साक्षीदार एकटा चालकच असतो. त्यामुळे अशा दुखण्याचं निदान निम्मंअधिक चालकाच्या नोंदीवर अवलंबून असतं, आणि नेमकी तीच नोंद गॅरेजपर्यंत पोचत नाही.

वेगाशी याचा इतका संबंध का, हे आकड्यांत पाहावं. छोट्या सेदान गाड्यांना असतो तसा १८५/६५ आर १५ मापाचा टायर ताशी ६० ला सेकंदाला साधारण साडेआठ फेरे घेतो, १२० ला सतरा. रिमच्या कडेला एका बाजूला वीस ग्रॅम वजन जास्त असेल, तर साठच्या वेगाला ते चाकाला एक किलोहून थोड्या जास्त जोरानं बाहेर ओढतं. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट, म्हणजे साडेचार किलोच्या आसपास जातो, आणि त्याची दिशा प्रत्येक फेऱ्यात फिरत राहते. त्यात चाक आणि सस्पेंशन यांची स्वतःची एक लय असते, सेकंदाला दहा ते पंधरा झोक्यांची. शंभरच्या वेगाला चाकाचे फेरे चौदाच्या घरात येतात, दोन्ही लयी जुळतात आणि स्टिअरिंग हातात नाचतं. एकशेवीसला ते पुन्हा थोडं शांत होतं. ‘वेग वाढवला की बरं वाटतं’ म्हणणाऱ्यांचा अनुभव खोटा नसतो, पण जोर तेव्हा वाढलेलाच असतो.

आता नोंद कशाची करायची? हातात थरथर असेल तर संशय पुढच्या चाकांवर. सीट आणि फ्लोअरला जाणवत असेल तर बहुधा मागच्या. ब्रेक लावल्यावरच हादरे बसत असतील तर डिस्क तपासा. अॅक्सिलरेटर दाबताना थरथर आणि पाय काढताच शांतता, तर ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या जॉइंटकडे पाहा. वेग तोच ठेवून पाचव्याचा चौथा गिअर केल्यावर थरथरीत फरक पडला, तर दुखणं इंजिनाकडचं. नाही पडला तर चाकांकडचं. घूं घूं आवाज लांब डाव्या वळणावर वाढत असेल तर उजव्या चाकाचं बेअरिंग संशयित, कारण वळताना गाडीचा भार त्या बाजूला जातो. यातलं काहीही करायला हत्यार लागत नाही. रस्ता मोकळा हवा, आणि लिहून घ्यायला शेजारी कोणी बसलेलं असलं तर उत्तम.

‘दोष गाडीचा नाहीच, सिमेंटचा रस्ताच आवाज करतो,’ असं यावर अनेक जण म्हणतील. अर्धं खरं आहे. पकड मिळावी म्हणून काँक्रीटवर बारीक खाचा पाडलेल्या असतात, त्यांचा सूर टायरमधून उमटतो, आणि सांध्यांची धडधडही असते. पण हा आवाज डांबरी तुकडा लागताच बदलतो. सोलापूर-धुळे रस्त्याच्या डांबरावरही तोच सूर तसाच राहिला, तर रस्त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. आणि स्टिअरिंगची थरथर रस्त्याच्या खाचांमुळे होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: ‘बॅलन्सिंग तर नुकतंच केलंय!’ केलं असेल. पण खड्ड्यात वाकलेली रिम किंवा आतला पट्टा सुटून फुगा आलेला टायर वजनं लावून गोल होत नाही. मशीनवर चाक नीट मध्यावर बसलं नसेल तर मशीनच चुकीचा आकडा दाखवतं. अलाइनमेंटचं तर काम वेगळंच. ते बिघडलं की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं झिजतो, पण त्यानं सहसा थरथर येत नाही. पावसाळ्यात कारण याहून साधं असू शकतं. शेतरस्त्यावरची आपली काळी चिकण माती रिमच्या आतल्या बाजूला थापली जाते, वाळून घट्ट होते आणि वीस काय, शंभर ग्रॅमही सहज भरते. गॅरेजला पैसे मोजण्याआधी रिमला आतून पाण्याचा फवारा मारून पाहावा.

हळूहळू वाढलेल्या थरथरीला वेळ देता येतो. पण ती अचानक सुरू झाली, विशेषतः पंक्चर काढून चाक बसवल्यानंतर, तर नट सैल असण्याची किंवा टायर फाटत असल्याची शक्यता असते. अशा वेळी पुढच्या इंटरचेंजची वाट पाहू नका. जोरात ब्रेक न दाबता वेग उतरवा, डाव्या कडेच्या पट्टीवर गाडी घ्या आणि नट आवळून पाहिल्याशिवाय पुढे निघू नका.