बैठक खाली जाते तेव्हा

बैठक मारताना खाली जातो, तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू राबतो की मागचा? कुठल्याही व्यायामशाळेत विचारून पाहा. गुडघा वाकतोय, म्हणजे तो वाकवणारा मागचाच, असं बहुतेक जण बेधडक सांगतील. राबतो तो पुढचा. हालचालींची परिभाषा पाठ करणाऱ्यांची पहिली फसगत इथेच होते.

परिभाषा तशी आटोपशीर आहे. माणूस ताठ उभा, नजर समोर, हात खाली, तळवे पुढे. ही मूळ स्थिती धरून सगळं मोजायचं. सांधा मिटला की फ्लेक्शन, उलगडला की एक्स्टेंशन. हात किंवा पाय मध्यरेषेपासून दूर गेला की अ‍ॅबडक्शन, जवळ आला की अ‍ॅडक्शन. हाड स्वतःच्या अक्षाभोवती फिरलं की रोटेशन. प्रतलं तीन: शरीराचे डावे-उजवे भाग पाडणारं सॅजिटल, पुढचे-मागचे पाडणारं फ्रंटल आणि वरचे-खालचे पाडणारं ट्रान्सव्हर्स.

औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी हिरिरीने प्रसार केलेला सूर्यनमस्कार या कसोटीवर लावला, तर तो जवळजवळ सगळा सॅजिटल प्रतलातच निघतो. कंबर पुढे-मागे, गुडघे आणि कोपर वाकून सरळ; अंगाला पीळ नाही, बाजूला झुकणं नाही. त्याला परिपूर्ण व्यायाम म्हणणाऱ्यांशी माझं म्हणूनच पटत नाही. पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी पुढे आणलेल्या मल्लखांबाची गोष्ट वेगळी. एरंडेल लावलेला खांब मांड्यांत धरून गडी स्थिर राहतो, तेव्हा वरून काहीच हलताना दिसत नाही; आत मात्र अ‍ॅडक्शनचे स्नायू जीव खाऊन खांब आवळत असतात. सांधा न हलवता केलेल्या अशा कामाला आयसोमेट्रिक म्हणतात.

स्नायूंचा हिशेब तरफेच्या नियमाने मांडला तो इटलीच्या जोव्हानी बोरेल्लींनी. त्यांचा ग्रंथ १६८०-८१मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर निघाला. दंडाचा बायसेप्स कोपरापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर हाडाला चिकटतो आणि हातातली पिशवी कोपरापासून तीस-पस्तीस सेंटिमीटरवर असते. कोपर काटकोनात ठेवून ५ किलोंची पिशवी धरली, तर स्नायूला साधारण ३५ किलोंचा जोर लावावा लागतो. सौदा तोट्याचा वाटतो. पण स्नायू जरासा आखडला तरी पंजा लांब आणि झपाट्याने फिरतो.

माणसाला फळीवर निजवून, फळी धारेवर तोलून बोरेल्लींनी शरीराचा गुरुत्वमध्यही शोधला. १८८९मध्ये ब्राउने आणि फिशर या जर्मन अभ्यासकांनी तेच काम गोठवलेल्या मृतदेहांवर अधिक काटेकोरपणे केलं. उभ्या माणसात हा बिंदू ओटीपोटाच्या पातळीवर येतो. बैठकीत ढुंगण मागे गेलं की तो पावलांवरच राहावा म्हणून छाती आपोआप पुढे झुकते.

आणि खाली खेचायला गुरुत्वाकर्षण असतंच. गुडघा तेच वाकवतं; पुढचा क्वाड्रिसेप्स लांबत लांबत उतरण आवरून धरतो. हे एक्सेंट्रिक काम. वर येताना तोच आखडतो, ते कॉन्सेंट्रिक. दंड मारतानाही खाली जाताना कोपर मिटतो, पण भार पेलतो तो कोपर उलगडणारा ट्रायसेप्स. पहिल्या दिवशी हौसेने बैठका मारल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंबलतात, त्यात या लांबत केलेल्या कामाचा वाटा मोठा.

आता पालथं झोपून गुडघा वाकवा. फ्लेक्शन तेच, पण या वेळी पाय उचलतो मांडीचा मागचा स्नायू. तोही नडगी उभी होईपर्यंतच. पुढे पाय आपल्या वजनानेच ढुंगणाकडे पडू लागतो आणि टाच आपटू नये म्हणून पुढच्याला पुन्हा कामाला लागावं लागतं.