बरोबरची खूण : तिचे तंत्र व तिची मालकी

शाळेत नव्याने आलेल्या मुलाला अक्षरओळख होण्यापूर्वीच एका खुणेचा अर्थ कळू लागतो. पाटीवर गुरुजींनी ओढलेली, खाली येऊन एकदम वर गेलेली ती तिरकी रेघ म्हणजे ‘बरोबर’, हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही. हाताने काढली जात होती तोवर या खुणेविषयी कोणताही प्रश्न नव्हता. आता ती स्वाध्यायपत्रिका, प्रगतिपत्रके आणि तपासणी-सूची यांतून संगणकाद्वारे उमटते, आणि त्यामुळे दोन प्रश्न उपस्थित होतात. एक, ती सर्व शाळांत सारखीच उमटेल काय? दुसरा, दुसऱ्याने काढलेली खूण घेण्याचा आपणांस अधिकार आहे काय?

हे प्रश्न केवळ पुस्तकी नव्हेत. एका केंद्राने इयत्ता दुसरीसाठी केलेली स्वाध्यायपत्रिका तालुक्यातील शाळांकडे गेली, तेव्हा काही शाळांत खुणेच्या जागी दोन टिंबे डोक्यावर घेतलेले इंग्रजी ‘यू’ अक्षर छापून आले. मुलांनी ते मोठ्या इमानाने आपल्या प्रत्येक उत्तरापुढे गिरवले! त्याच संचाच्या मुखपृष्ठावर चोचीत हिरवी खूण धरलेला एक पोपट होता. तो एका शिक्षिकेने घरी रात्री बसून, स्वतःच्या हौसेने काढलेला होता. पुस्तिकेत मात्र त्यांचे नाव कोठेच नव्हते. त्या पुस्तिकेवर अखेरचा हात प्रस्तुत लेखकाने फिरविला होता, म्हणजे चूक माझीच. शिक्षण परिषदेत त्या बाई एवढेच म्हणाल्या, “साहेब, पोपट माझा आहे, इतके कुठेतरी लिहा.” या दोन प्रसंगांतूनच हा लेख लिहावासा वाटला.

१. खूण अक्षर म्हणून

संगणक अक्षराचे चित्र साठवीत नाही. तो एक क्रमांक साठवितो. त्या क्रमांकास कोणते रूप द्यावयाचे, हे ‘फॉन्ट’ ठरवितो. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टंकलिखित केलेले पत्र दुसऱ्या संगणकावर उघडताच अगम्य होते, हा अनुभव आपणां सर्वांस आहे. खुणेचेही तसेच झाले. ‘विंगडिंग्ज’ या फॉन्टमध्ये २५२ या क्रमांकास बरोबरची खूण बसविलेली आहे. सामान्य इंग्रजी फॉन्टमध्ये त्याच क्रमांकावर दोन टिंबांचा ‘यू’ आहे. ज्या ठिकाणी विंगडिंग्ज नव्हता, त्या ठिकाणी तो ‘यू’ प्रकट झाला.

यावर उपाय म्हणजे युनिकोड. जगातील लिपींची अक्षरे व नित्याच्या खुणा यांस एकेक कायमचा क्रमांक देणारी ही व्यवस्था होय. तीत बरोबरच्या साध्या खुणेस २७१३ व ठळक खुणेस २७१४ हा क्रमांक आहे. जर्मन अक्षररचनाकार हेरमान झाफ यांचा खुणांचा संच १९७८ साली प्रसिद्ध झाला होता. त्यातील या खुणा युनिकोडने स्वीकारल्या. वर्डमध्ये २७१३ हे आकडे इंग्रजी अंकांत लिहून लगेच ऑल्ट व एक्स या कळा एकत्र दाबल्या असता ✓ ही खूण उमटते. कोठे तिच्या जागी रिकामी चौकट दिसल्यास क्रमांक चुकला असे समजू नये. त्या यंत्रावरील फॉन्टमध्ये त्या खुणेचे रूप नाही, एवढाच त्याचा अर्थ. यास्तव छपाईसाठी पाठवावयाची प्रत पीडीएफ रूपात, फॉन्ट आत समाविष्ट करून द्यावी.

घाईत घडणाऱ्या एका चुकीकडेही लक्ष वेधणे अवश्य वाटते. मोबाईलच्या कळफलकावर वर्गमुळाचे चिन्ह √ सहज सापडते व ते बरोबरच्या खुणेसारखे दिसते. परंतु ते गणिताचे चिन्ह आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी मजकूर वाचून दाखविणारे यंत्र त्यास वर्गमूळच म्हणणार. तसेच हिरव्या चौकटीतील पांढरी खूण, जिचा क्रमांक २७०५ आहे व जी २०१० साली युनिकोडमध्ये आली, ती पडद्यावर शोभते. काळ्या शाईत मात्र काळपट ठोकळा होऊन बसते. हिरवे म्हणजे बरोबर व लाल म्हणजे चूक असा भेद केवळ रंगाने कधीही दाखवू नये. काही मुलांस हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत.

२. खूण चित्र म्हणून

पोपटासारखी सजावट हवी असल्यास चित्राची संचिका लागते. येथे आपल्या रांगोळीचा दृष्टान्त उपयोगी पडेल. पीएनजी प्रकारातील चित्र म्हणजे भरलेली ठिपक्यांची रांगोळी : ठिपके जितके, तितकेच चित्र, ताणले की विस्कटते. एसव्हीजी प्रकारातील चित्र म्हणजे रांगोळी कशी काढावी याची कृती : या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ ओढा. आकार कितीही वाढवा, रेघ नव्याने व स्वच्छ ओढली जाते. चांगल्या छपाईस एका इंचात सुमारे ३०० ठिपके लागतात. महाजालावरून घेतलेले ४८ ठिपके रुंदीचे चित्र एक इंच छापले तर ते धूसर होणारच. शक्य तेथे एसव्हीजी वापरावी. जुन्या संगणकावर ती उघडत नसल्यास मोठ्या आकाराची पीएनजी करून घ्यावी.

सामाईक संचिकेबाबत एक पथ्य पाळावे. अनेक शाळा एकच चित्र जोडून वापरीत असतील, तर त्याच नावाने दुसरे चित्र तेथे ठेवू नये. एका ठिकाणी केलेला बदल सर्वांच्या पत्रिकांत उतरतो. बदल करावयाचा झाल्यास नवे नाव द्यावे.

३. मालकी कशाची?

‘बरोबर असल्यास अशी खूण करावी’ ही कल्पना कोणाच्याही मालकीची नाही. ती रूढी आहे, आणि तीही सर्व जगात एक नाही : जपानमधील शाळांत बरोबर उत्तरास वर्तुळ करतात व ही आपली खूण चुकीच्या उत्तरास करतात. कायदा संरक्षण देतो ते कल्पनेच्या विशिष्ट आविष्कारास. आपला लेखाधिकार अधिनियम १९५७ सालचा आहे. त्यानुसार चित्र सुंदर असो वा नसो, ते कर्त्याचे स्वतःचे असल्यास कलाकृती ठरते. कर्त्याच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे हा अधिकार राहतो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, किंवा चित्राखाली कोणती खूण छापावी लागत नाही. केवळ श्रम पुरेसे नसून थोडी तरी सर्जनशीलता हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितले. म्हणून दोन रेघांच्या साध्या खुणेवर कोणी हक्क सांगणे कठीण. परंतु छायाप्रकाश देऊन काढलेला पोपट ही निःसंशय कलाकृती होय.

महाजालावर चित्र दिसते म्हणजे ते मुक्त आहे, हा समज सोडून द्यावा. ते मुक्त असल्यास तसे तेथे लिहिलेले असते. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या नावाचे परवाने २००२ सालापासून प्रचारात आहेत. त्यांतील ‘बाय’ म्हणजे कर्त्याचे नाव द्यावे. ‘शेअर अलाइक’ म्हणजे आपण बदललेली कृतीही त्याच अटीवर इतरांस द्यावी. ‘नॉन कमर्शियल’ म्हणजे तिचा व्यापार करू नये. ‘नो डेरिव्हेटिव्ह्ज’ म्हणजे बदललेली कृती प्रसृत करू नये. आणि ‘सीसी झीरो’ म्हणजे कर्त्याने शक्य तितके सर्व हक्क सोडले आहेत.

शिक्षकांस कायद्याने एक सवलत दिली आहे. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेली नक्कल, तसेच परीक्षेच्या प्रश्नात केलेली नक्कल, कलम ५२ नुसार उल्लंघन ठरत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली या शब्दांचा अर्थ उदारपणे लावला. तथापि ही सवलत वर्गासाठी आहे. पुस्तिका विकावयाची असेल किंवा महाजालावर सर्वांसाठी ठेवावयाची असेल, तर तिच्यावर विसंबून राहू नये. शिवाय एखाद्या कंपनीचे बोधचिन्ह खुणेसारखे दिसले, तरी त्यास व्यापारचिन्हांचा वेगळा कायदा लागू होतो.

४. शिक्षकाची स्वतःची कृती

आता त्या पोपटाविषयी. सेवेचा भाग म्हणून केलेल्या कृतीची प्रथम मालकी, वेगळा करार नसल्यास, सामान्यतः नेमणूक करणाऱ्या संस्थेकडे जाते. स्वतःच्या हौसेने, सेवेबाहेर काढलेले चित्र काढणाऱ्याचेच राहते. परंतु मालकी कोणाकडेही असो, ‘ही कृती माझी’ असे म्हणण्याचा हक्क कलम ५७ नुसार कर्त्याकडेच राहतो. म्हणजे बाईंनी मागितले ते कृपा म्हणून मागितले नव्हते. तो त्यांचा हक्कच होता. पुढील आवृत्तीत मुखपृष्ठाच्या आतील बाजूस त्यांचे नाव छापले. ते पहिल्याच वेळी छापावयास हवे होते.

५. ध्यानात ठेवावयाचे

(अ) केवळ खूण हवी असल्यास युनिकोडचे अक्षर वापरावे, आणि छपाईपूर्वी दुसऱ्या संगणकावर एक प्रत पाहावी.
(आ) चित्र हवे असल्यास प्रथम स्वतः काढावे किंवा मुलांकडून काढवून घ्यावे, व त्याखाली मुलाचे नाव लिहावे.
(इ) दुसऱ्याचे चित्र घेतल्यास कर्ता, परवाना व ते जेथून घेतले ते ठिकाण या तीन गोष्टी एका वहीत त्याच दिवशी नोंदवाव्यात.
(ई) सहकाऱ्याच्या कृतीस, ती कितीही लहान असो, त्याचे नाव द्यावे.

दुसऱ्याच्या पाटीवरचे उतरवून घेऊ नये, असे आपण मुलांस रोज सांगतो. ते सांगताना आपल्या हातातील स्वाध्यायपत्रिकाही त्या कसोटीस उतरली पाहिजे. तशी ती उतरली, तरच तिच्यावरील बरोबरच्या खुणेस अर्थ राहील.