‘जरी’ आलं की ‘तरी’ नको
लेखमाला : वाक्याचे सांधे – भाग ६

ठाण्यातल्या बाळकुम नाक्यावरून कशेळीच्या पुलाकडे जाणारा रस्ता सकाळपासून वाहत असतो. पुलापलीकडे भिवंडीची गोदामं, अलीकडे कोलशेत-ढोकाळीचे टॉवर आणि मधे बाळकुमचे जुने पाडे. इथे राहणाऱ्या माणसाला इंग्रजी कादंबरी वाचायची वेळ क्वचित येईल, पण इंग्रजीत चार वाक्यं लिहायची वेळ रोज येते. माल निघाल्याचा मेसेज, सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याची तक्रार, मुलाच्या वर्गशिक्षिकेला रजेची चिठ्ठी. या वाक्यांत अडतं ते अवघड शब्दांपाशी नाही. शब्द सगळ्यांना येतात, अडतं ते दोन शब्दांच्या मधे.

नमुन्यादाखल असा एक मेसेज घेऊ. ‘सर, ऑल्दो आय लेफ्ट अर्ली बट स्टक ॲट कापूरबावडी. हिअर ऑलवेज ट्रॅफिक इज देअर. व्हेन आय विल रीच, विल कॉल.’ अर्थ पूर्ण कळतो. शब्द एकही चुकलेला नाही. तरी वाचणाऱ्याला तो खटकतो, आणि कित्येकदा लिहिणाऱ्याच्या कामाचा अंदाजही त्यावरूनच बांधला जातो. हा अन्याय आहे. पण त्यावरचा उपाय आपल्या हातात आहे, कारण या मेसेजमधली प्रत्येक चूक एखाद्या सांध्याची आहे आणि सांधे मोजकेच असतात.

पहिला सांधा उभयान्वयी अव्ययाचा. मराठीत यांतली काही अव्ययं जोडीनं येतात. जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा. जोडीतला पहिला शब्द गौण वाक्य उघडतो, दुसरा मुख्य वाक्य आल्याची वर्दी देतो. इंग्रजीत ती वर्दी लागत नाही. ‘ऑल्दो’ किंवा ‘बट’ यांपैकी एकच पुरतं. ‘ऑल्दो आय लेफ्ट अर्ली, आय ॲम स्टक’ हे बरोबर, ‘आय लेफ्ट अर्ली, बट आय ॲम स्टक’ हेही बरोबर. दोन्ही एकत्र आले की वाक्याला मुख्य भागच उरत नाही. ‘बिकॉज’ आणि ‘सो’ यांचंही तसंच. कारण सांगताना ‘बिकॉज’ वापरलं असेल, तर पुढच्या भागाला ‘सो’ जोडू नका. ‘इफ’नंतर ‘देन’ चालतं, पण रोजच्या बोलण्यात बहुधा गाळतात.

मग ‘तरीही’ हा भाव सोडूनच द्यायचा का? मुळीच नाही. तिथे क्रियाविशेषण मदतीला येतं. ‘ऑल्दो आय लेफ्ट अर्ली, आय ॲम स्टिल स्टक.’ ‘स्टिल’ दोन वाक्यं जोडत नाही, ते क्रियापदापाशी बसतं, म्हणून त्याचं ‘ऑल्दो’शी भांडण नाही. मनात ‘तरी’ आलं की ‘बट’कडे न जाता ‘स्टिल’कडे वळायचं, एवढी सवय लावली तरी पुष्कळ वाक्यं सुधारतात.

दुसरा सांधा सर्वनामाचा. ‘लवकर निघालो’ म्हटलं की कोण निघालं हे मराठीत वेगळं सांगावं लागत नाही, ते ‘-लो’ सांगतो. बोलणारा पुरुष आहे हेसुद्धा त्यातच आलं. इंग्रजीतलं ‘लेफ्ट’ मात्र मी, तू, ती, ते सगळ्यांना सारखंच. ते स्वतःहून काहीच सांगत नाही, म्हणून कर्ता उघड मांडावा लागतो. आपण ‘विल कॉल’ लिहितो ते आपलं ‘फोन करतो’ मनात बोलत असतं म्हणून. मित्राला पाठवलेल्या मेसेजमध्ये ते चालून जातं, इंग्रज माणूसही तसं लिहितो. साहेबांना मेल लिहिताना ‘आय विल कॉल’ असंच हवं.

इथे एक बारकावा आहे आणि तो शाळेत सहसा कुणी दाखवत नाही. ‘आय लेफ्ट अर्ली बट गॉट स्टक’ या वाक्यात दुसरा ‘आय’ नाही, तरी वाक्य शुद्ध आहे. कारण ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’ ही प्रधानत्वसूचक अव्ययं आहेत. ती दोन बरोबरीची वाक्यं जोडतात आणि कर्ता एकच असेल तर दुसऱ्यांदा गाळू देतात. ‘ऑल्दो’, ‘बिकॉज’, ‘इफ’, ‘व्हेन’ ही गौणत्वसूचक. ती आपल्यामागे पूर्ण वाक्य मागतात, कर्त्यासकट. दहावीच्या व्याकरणात या दोन संज्ञा आपण पाठ केल्या त्या गुणांसाठी. त्यांचा खरा उपयोग हा आहे.

तिसरा सांधा क्रियापदाचा. ‘व्हेन आय विल रीच’ ही चूक कुठून येते? ‘जेव्हा मी पोहोचेन, तेव्हा मी फोन करीन’ या पुस्तकी वाक्यातून. बाळकुमच्या रिक्षा स्टँडवर कोणी असं बोलत नाही. तिथे ऐकू येतं ते ‘पोहोचलो की फोन करतो’. नीट पाहा. गोष्ट पुढे घडायची आहे, पण ‘पोहोचलो’चं रूप भूतकाळाचं आणि ‘करतो’चं वर्तमानाचं. काळाचा अर्थ संदर्भातून कळतो, रूप भविष्याचं लागत नाही. इंग्रजीही ‘व्हेन’ आणि ‘इफ’नंतर तेच करते आणि साधा वर्तमानकाळ वापरते. ‘आय विल कॉल यू व्हेन आय रीच.’ भविष्यकाळ एकदाच, तोही मुख्य वाक्यात. म्हणजे इथे आपली बोलती मराठी इंग्रजीच्या जवळची आहे आणि पाठ केलेली वाक्यं आपल्याला लांब नेतात.

‘पण आय डोन्ट नो व्हेन आय विल रीच, हे तर बरोबर आहे ना?’ असं कुणी विचारेल. बरोबरच आहे. ‘व्हेन’ दोन कामं करतं. ‘जेव्हा’ असा अर्थ असेल तर त्यामागे ‘विल’ नको, ‘कधी’ असा असेल तर ‘विल’ चालतं. ‘कधी पोहोचेन माहीत नाही’ यात ‘कधी’ आहे, म्हणून ‘विल’ आलं. थेट प्रश्नात ‘व्हेन विल यू रीच?’ अशी उलटापालट होते. तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की ‘टेल मी व्हेन यू विल रीच’ असा सरळ होतो.

चौथा सांधा क्रियाविशेषणाचा. मराठीत ‘इथं नेहमी ट्रॅफिक असतो’ म्हणा की ‘नेहमी इथं ट्रॅफिक असतो’, वाक्य मोडत नाही. इंग्रजीत ‘ऑलवेज’, ‘नेव्हर’, ‘ऑफन’, ‘ऑलरेडी’, ‘जस्ट’ यांची जागा बहुतेक ठरलेली आहे. मुख्य क्रियापदाच्या आधी, जसं ‘ही ऑलवेज टेक्स द बस’. क्रियापद ‘इज’, ‘ॲम’, ‘आर’ असेल तर त्याच्या नंतर, जसं ‘ही इज ऑलवेज लेट’. सहायक क्रियापद असेल तर त्याच्या आणि मुख्य क्रियापदाच्या मधे, जसं ‘ही हॅज ऑलरेडी लेफ्ट’. म्हणून आपलं वाक्य ‘देअर इज ऑलवेज ट्रॅफिक हिअर’ असं होतं.

या चारही सांध्यांचं मूळ एकच आहे. मराठी आपले संबंध मुख्यतः शब्दांच्या शेवटी, प्रत्ययांत आणि रूपांत ठेवते. इंग्रजी ते मुख्यतः जागेत ठेवते. आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांनी हा फरक पुरेसा ठसवला नाही, त्यालाही इतिहास आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं ते इंग्रजी व्याकरणाची चौकट समोर ठेवून. मोरो केशव दामल्यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त मराठीचा स्वतंत्र विचार फार खोलवर केला. वर्गात मात्र बहुधा शब्दाखाली रेघ मारून जात ओळखण्याचा प्रश्नच राहिला. २०००-०१ पासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. मुलांच्या कानावर इंग्रजी शब्द लवकर पडू लागले, ही चांगलीच गोष्ट. पण ‘हे सर्वनाम, हे क्रियापद’ एवढं ओळखून थांबलं तर वाक्य उभं राहत नाही. कोण कुणाशेजारी बसतं आणि कोण आलं की कुणी निघायचं, हे शिकवलं पाहिजे. आणि ते मराठीत समजावून सांगितलं तर अधिक लवकर कळतं, अशी माझी खात्री आहे.

आता आपला मेसेज पुन्हा लिहू. ‘सर, ऑल्दो आय लेफ्ट अर्ली, आय ॲम स्टिल स्टक ॲट कापूरबावडी. देअर इज ऑलवेज ट्रॅफिक हिअर. आय विल कॉल यू व्हेन आय रीच.’ नवे शब्द म्हणावेत तर ‘ॲम’, ‘स्टिल’ आणि ‘यू’ एवढेच. बाकी शब्द तेच, फक्त आपापल्या जागी बसलेले.

या आठवड्याचा सराव. पुढची तीन वाक्यं दुरुस्त करा आणि प्रत्येकात कोणता सांधा निखळला आहे ते शेजारी लिहा.

१. ‘बिकॉज द टँकर केम लेट, सो देअर इज नो वॉटर.’
२. ‘इफ इट विल रेन, वुई विल टेक द ट्रेन.’
३. ‘शी ऑलवेज इज बिझी, बिकॉज वर्क्स इन टू शिफ्ट्स.’

तिसऱ्या वाक्यात दोन चुका आहेत. उत्तरं पुढच्या भागात. त्याच भागात शब्दयोगी अव्ययांकडे वळू : ‘ॲट कापूरबावडी’, ‘इन ठाणे’ आणि ‘ऑन द ब्रिज’ असं तीन तऱ्हांनी का म्हणायचं, ते पाहू.