डब्याच्या पिशवीतली पुस्तकं

गेल्या पाडव्याला संध्याकाळी गुढी उतरवली, साखरेच्या गाठीचा तुकडा धाकट्याच्या हातात दिला आणि दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' उघडलं. चैत्राचं प्रकरण वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. १९५६ साली आलेलं हे पुस्तक चैत्र ते फाल्गुन अशा बारा महिन्यांवर लिहिलेलं आहे. मनाशी ठरवलं, ज्या महिन्याचं प्रकरण त्याच महिन्यात वाचायचं, पुढे पळायचं नाही. कधी नव्हे तो एक वाचनसंकल्प वर्षभर टिकला. महिन्याला एक प्रकरण म्हणजे दोन संध्याकाळच्या गाड्या. तेवढं मला जमण्यासारखं होतं.

माझं वाचन गाडीतच होतं. ठाणे ते सीएसएमटी, स्लो गाडीने तासाभराचा प्रवास. सकाळी उभं राहायलाच जागा नसते, तेव्हा पुस्तकाचं नाव काढायचं नाही. संध्याकाळी मात्र गाडी तिथूनच सुटते, बसायला मिळतं. रिकामा डबा आणि पुस्तक एकाच पिशवीत असतात, त्यामुळे वर्षभरातल्या निम्म्या पुस्तकांना लोणच्याच्या तेलाचा वास आहे. मुलुंड आलं की पुस्तक मिटायचं. उतरल्यावर भाजी, मुलगी क्लासहून, मुलगा सासूबाईंकडून.

'ऋतुचक्र' असं तुकड्यांनी वाचलं त्याचा फायदाच झाला. प्रकरण संपल्यावर पुढचे तीन-चार आठवडे ते डोळ्यांपुढे राही. चैत्र वाचल्यावर आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला पिंपळ मी पहिल्यांदा नीट पाहिला. अकरा वर्षं त्याच्याखालून जातेय. नवी पानं तांबूस असतात, ऊन पडलं की त्यातून उजेड आरपार दिसतो, हे त्या दिवशी कळलं. दुर्गाबाई पानाफुलांचं कौतुक करत बसत नाहीत, त्या बघतात. बघण्याला इतका वेळ आणि इतकी शिस्त देणारी बाई १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध उभी राहिली, याचं मला आता नवल वाटत नाही. जे समोर आहे ते तसंच दिसणं, आणि दिसलं तसं सांगणं, ही एकच सवय दोन्हीकडे आहे.

मे महिन्यात मुलगी महिनाभर आजोळी, सांगलीला गेली. ती तिसरीत. इतके दिवस माझ्यापासून लांब राहण्याची तिची पहिलीच वेळ. त्या महिन्यात हात नेमका प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'कडे गेला. त्यातला लंपन मी कॉलेजात असताना वाचला होता. बेळगावकडची कानडी हेल असलेली मराठी, सुमी, उठल्याबसल्या 'मॅडसारखं' म्हणण्याची सवय, या सगळ्यावर तेव्हा पोटभर हसले होते. या वेळी पुस्तक तेच होतं, पण मी दुसऱ्याच दारातून आत गेले. आईवडिलांपासून दूर आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा. आजी माया लावते, आजोबा समजूतदार, गावात हजार गमती. त्याला काही कमी नाही. आणि तरी मधूनच, दुसऱ्याच कशाबद्दल बोलता बोलता, आईची आठवण येऊन जाते. संत ती जागा कधी ताणत नाहीत. पुढच्या ओळीत पोरगं पुन्हा खेळायला पळालेलं असतं. ते पळणंच मला सोसेना. घाटकोपरला पुस्तक मिटलं आणि फोन लावला. मुलगी म्हणाली, "आई, आत्ता नको ना, आम्ही सागरगोटे खेळतोय."

संत हे इंदिरा संतांचे चिरंजीव. वडील नारायण संत १९४६ साली गेले, तेव्हा प्रकाश जेमतेम नऊ वर्षांचे होते. इंदिराबाईंनी नोकरी करत मुलं वाढवली आणि कविता लिहिली. मुलगा भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक झाला, कऱ्हाडला शिकवत राहिला, आणि 'वनवास' पुस्तकरूपानं आलं ते १९९४ साली, त्यांच्या सत्तावन्नाव्या वर्षी. म्हणजे ते मूल इतकी वर्षं त्यांच्या आत तसंच राहिलं होतं. 'वनवास' संपल्यावर मी इंदिराबाईंचा 'शेला' काढला. आई एका हातात, मुलगा दुसऱ्या हातात, असं आठवडाभर वाचलं. दोघांची एकटेपण सांगायची रीत सारखी आहे: आवाज न चढवता. हे कुणी समीक्षकानं आधी लिहिलंही असेल. मला ते कुर्ला आणि विक्रोळीच्या मधे सापडलं.

धाकट्यासाठी जे वाचलं तेही माझंच वाचन. तो चार वर्षांचा. माधुरी पुरंदरे यांचं 'बाबांच्या मिश्या' त्यानं इतक्या रात्री वाचून घेतलं की आता पान उलटायच्या आधी पुढचं तोच म्हणतो. पुरंदरे लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात, म्हणून मजकुरात नसलेलं पुष्कळ काही चित्रात असतं आणि ते पोरांना आधी दिसतं. त्यांच्या पुस्तकातलं घर मला फार आवडतं. ते आवरलेलं नसतं. मोठ्या मुलीला त्यांनीच संपादित केलेलं 'वाचू आनंदे' आणलं. सुट्टीत त्यातले उतारे ती सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवायची आणि स्वयंपाकघरात मलाही ऐकू यायचं.

दिवाळी अंक नेहमीसारखे तीन आणले, संक्रांतीपर्यंत पुरवले. एकही पूर्ण वाचला नाही.

या वर्षातलं पुस्तक कोणतं, असं एकच विचारलं तर बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. श्रावणात एका संध्याकाळी रुळांवर पाणी आलं आणि गाडी विद्याविहारला उभी राहिली ती जवळजवळ तीन तास. शेजारच्या बाईनं चणे काढले, समोरचीनं बिस्किटं. मी शंभरेक पानं सलग वाचली, वर्षात एकदाच. वीरगावचा महारवाडा, तिथली भूक, सासरहून पळून जाऊ नये म्हणून कोवळ्या सुनांच्या पायात अडकवलेला लाकडी खोडा. बाळंतिणीच्या उपासमारीची पानं वाचताना मला माझी दोन्ही बाळंतपणं आठवली. डिंकाचे लाडू, शेकशेगडी, तूप जास्त झालं म्हणून केलेली कुरकूर. पुढे बरीच स्टेशनं मला काही बोलता आलं नाही.

पुस्तकामागची हकीकत मी नंतर वाचली. फलटणला बेबीताईंचं दुकान होतं. माल बांधायला आणलेल्या रद्दीची पानं त्या वाचत. नवरा माल आणायला बाहेर गेला की गल्ल्यावर बसून लिहीत आणि वही लपवून ठेवत. अशी सुमारे वीस वर्षं. घरात कुणाला पत्ता नाही. फलटणमध्ये काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांना ते लेखन कळलं, 'स्त्री' मासिकात ते क्रमशः आलं, आणि १९८६ साली पुस्तक झालं. दहा मुलांची आई होती ती. मला वेळ मिळत नाही, हे वाक्य मी त्या संध्याकाळनंतर उच्चारलेलं नाही.

याच्या लगेच नंतर इरावती कर्व्यांचा 'परिपूर्ती' हा लेख पुन्हा वाचला. बर्लिनची डॉक्टरेट मिळवलेली ही विदुषी. सभेत तिची ओळख करून देताना वडील, सासरे, नवरा सगळे येतात आणि तरी काहीतरी राहिल्यासारखं तिला वाटतं. मग रस्त्यात मुलाच्या वर्गातली पोरं तिला त्याची आई म्हणून ओळखतात आणि ओळख पुरी होते. पूर्वी हा शेवट मला गोड वाटायचा. यंदा पटला नाही. शाळेच्या दाराशी मला सगळे हिची आई म्हणूनच ओळखतात, आणि मला ते हवंसंही वाटतं, पण त्यानं काही पुरं होत नाही. बेबीताईंनी लपवलेली वही त्या ओळखीत कुठे बसते? इरावतीबाईंशी असा वाद घालावासा वाटला, हीही त्या लेखाचीच ताकद. त्यांची लेक गौरी देशपांडे. तिचं 'एकेक पान गळावया' पुढच्या वर्षासाठी काढून ठेवलं आहे.

फाल्गुनाचं प्रकरण होळीच्या आदल्या दिवशी वाचून संपवलं. त्या संध्याकाळी मुलीला घेऊन तलावपाळीवर गेले होते. शेंगदाण्याची पुडी घेतली. दाणे संपल्यावर मी कागद उलगडून मांडीवर सपाट केला आणि वाचायला लागले. श्रावणापासून ही सवयच लागली आहे. कुठल्याशा गावातल्या विहिरीची बातमी होती, अर्ध्यात फाटलेली. मुलगी खांद्यावरून डोकावून बघत होती. तिचं वाचून झालं तेव्हा तिनं कागद माझ्या हातातून घेतला, उलटा करून पाहिला आणि शेंगदाणेवाल्याकडे पळत गेली, पुढचा तुकडा त्याच्याकडे आहे का ते विचारायला.