हजेरी बुडाली तरी चालेल

सकाळी ७. रात्रपाळीवाल्याकडून चार्ज घेते. पुण्यात बसून आम्ही गिऱ्हाइकांचे इथेरियम व्हॅलिडेटर, म्हणजे व्यवहारांच्या सामायिक वहीवर सह्या करणारे खाते, सांभाळतो. प्रत्येकामागे किमान ३२ ईथरची अनामत. दर ६.४ मिनिटांच्या इपॉकमध्ये एकदा ‘वहीचं हे पान मला मान्य’ अशी सही करायची, म्हणजे दिवसाला २२५ सह्या. रात्री दोन-चार हुकल्यात. किरकोळ.

८:३०. दुसऱ्या स्क्रीनवर आमचा बिटकॉइनचा नोड. शेवटचा ब्लॉक, म्हणजे वहीचं नवं पान, येऊन पाऊण तास झाला म्हणून नवा मुलगा अस्वस्थ. दहा मिनिटं ही नुसती सरासरी, तिथे कुणाची पाळी लावलेली नसते. मायनरची यंत्रं अब्जावधी आकडे ताडून पाहतात, ज्याला जुळला त्याचं पान, बक्षीस ३.१२५ बिटकॉइन. बाकीच्यांची वीज फुकट गेली, एवढीच शिक्षा. इथेरियम १५ सप्टेंबर २०२२ पर्यंत असंच चालायचं. आता दर १२ सेकंदांना कुणाची पाळी हे आधीच ठरतं, आणि विजेचा खर्च ९९ टक्क्यांहून जास्त उतरला.

११:१०. एक सर्व्हर गेला. ठिपके लाल.

“मॅडम, बॅकअपवर चढवू का?”

“हात लावू नकोस.”

आमच्या धंद्यातली सगळी मेख इथे आहे. मशीन बंद राहिलं तर जेवढं मिळालं असतं साधारण तेवढंच कापलं जातं. पण बॅकअपवर चढवल्यावर जुनं मशीन परत उठलं आणि सहीच्या एकाच किल्लीने दोन जागांहून वेगवेगळ्या सह्या गेल्या, तर ते स्लॅशिंग: दंड आणि कायमची हकालपट्टी. त्या दंडाचं गणितही बेरकी आहे. एकटाच सापडलात तर थोडक्यात सुटता. पण त्याच सुमारास एकूण अनामतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढे लोक सापडले, तर सगळी अनामत जाते. नेटवर्कला निष्काळजी माणसाची भीती नाही, संगनमताची आहे.

डेटा सेंटरला फोन. जुन्या मशीनची वायर काढल्याचा फोटो मागवला. तरीही तीन इपॉक, १९ मिनिटं, त्या किल्ल्यांची एकही सही येत नाही ना हे बघत बसलो. मग चढवलं. बुडालेलं तासाभरात वसूल.

२:००. डबा.

३:३०. गिऱ्हाइकाचा कॉल. “सगळ्यात सुरक्षित कुठलं?” चांगल्या दिवशी सगळीच सुरक्षित दिसतात, मी वाईट दिवस सांगते. २०२१ मध्ये चीनने मायनिंग बंद पाडलं, जवळपास निम्मी ताकद गेली. बिटकॉइन नुसतं मंदावलं. जुलैत आकडा जुळवायचं कोडं आपोआप सुमारे २८ टक्के सोपं झालं आणि गाडी रुळावर आली. मे २०२३ मध्ये इथेरियमवर पुरेशा सह्या येईनात. पानं लिहिली जात होती, पण त्यांवर शेवटचा शिक्का बसायला एकदा तासाहून जास्त वेळ लागला. सोलाना हे तिसरं नेटवर्क ६ फेब्रुवारी २०२४ ला सुमारे पाच तास चक्क थांबलं.

“म्हणजे वीज जाळणारं बरं?” बिटकॉइनएवढं मोठं असेल तर. त्याच पद्धतीच्या इथेरियम क्लासिकवर ऑगस्ट २०२० मध्ये हल्लेखोरांनी हजारो ब्लॉक फिरवून टाकले. छोट्या नेटवर्कवर मात करण्याएवढी ताकद भाड्याने मिळते, आणि हल्ल्यानंतरही यंत्रं शाबूत राहतात. अनामतीत तसं नाही, चोराचाच माल जप्त होतो.

५:४५. अपडेट. सगळी मशीन एकदम कधीच नाही, आणि सगळीकडे एकच सॉफ्टवेअरही नाही. मे २०२३ चा घोळ प्रिझम आणि टेकू या दोन प्रोग्रॅमच्या नोड्सवर ताण आल्याने झाला, लाइटहाउस हा तिसरा प्रोग्रॅम वापरणारे तरले. म्हणून आमच्याकडे मिसळ.

७:००. चार्ज दिला. नोंदीत एकच ओळ: जुनं मशीन मीच सांगेपर्यंत सुरू करू नये.

तुम्हाला कुणी नव्या नाण्याची वही ‘अभेद्य’ म्हणून विकायला आलं, तर एवढंच विचारा: तुमची वही चालवणाऱ्यांतला तिसरा हिस्सा आज दुपारी गायब झाला, तर ती मंदावते, शिक्क्यावाचून पुढे जाते की थांबते? ज्याला हे सांगता येत नाही, त्याच्याकडे पैसे ठेवू नका.