माशांतील कृमि

ताजा मासा चिरतांना त्याच्या पोटांत घड्याळाच्या कमानीप्रमाणें वेटोळें घातलेली पांढरी अळी दिसली, कीं मासा नासका समजून आपण तो फेंकून देतों. ही समजूत बरोबर नाहीं. ही अळी कुजण्यापासून उत्पन्न होत नाहीं. मासा जिवंत असतांनाच ती अन्नाबरोबर त्याच्या पोटांत आलेली असते. मग ती कोणत्या माशांत अधिक व कोणत्यांत कमी, हें कशावर अवलंबून असतें?

उदाहरणादाखल उत्तर समुद्रांतील हेरिंग घेऊं. हा मासा आपल्या तारलीच्याच कुळांतला. त्याच्या पोटांत अ‍ॅनिसाकिस नांवाच्या कृमीची अळी आढळते. हा कृमि प्रौढ होतो तो मात्र देवमासा, डॉल्फिन अशा सस्तन प्राण्यांच्या जठरांत. त्याचीं अंडीं विष्ठेबरोबर समुद्रांत पडतात. त्यांतून निघालेली सूक्ष्म अळी कोळंबीसारखे बारीक क्रिल गिळतात. क्रिल हेरिंगच्या पोटांत जातात आणि हेरिंग देवमाशाच्या. असें हें चक्र आहे.

यावरून पहिलें कारण उघड होतें, तें आहाराचें. नॉर्वेंत पिंजऱ्यांत पोसलेल्या सामन माशास कोरडें, तयार खाद्य मिळतें; म्हणून तो या कृमीपासून जवळजवळ मुक्त असतो. मोकळ्या समुद्रांतील सामनांत तो सर्रास सांपडतो. दुसरें कारण वय. अळी एकदां शिरली कीं दीर्घकाळ तेथेंच राहते. त्यामुळें मोठ्या, वयस्क माशांत अळ्यांचा सांठा होत जातो. तिसरें कारण शेजार. देवमासे जेथें फार, तेथें अंडींही फार. १९७० नंतरच्या काळांत माशांतील अ‍ॅनिसाकिस दोनशें पटींहून अधिक वाढल्याचें २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यांत दिसून आलें. देवमाशांची व्यापारी शिकार १९८६ पासून बहुतांशी थांबविल्यानें त्यांची संख्या सांवरली, हें त्याचें एक कारण असावें, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

चौथें कारण माणसाच्या हातांतलें आहे. अळ्या बहुधा माशाच्या आतड्यांभोंवतीं असतात. मासा मेल्यावर त्यांतील कांहीं मांसांत शिरतात. हॉलंडांत हलकें मीठ लावलेला कच्चा हेरिंग आवडीनें खातात. पूर्वीं तो समुद्रावरच साफ करीत. पुढें न चिरतां बर्फांत ठेवून बंदरांत आणूं लागले. तो खाणाऱ्या कांहींजणांस पोटांत असह्य कळा येऊं लागल्या. त्यांचें मूळ ही अळी आहे, हें व्हॅन थील व त्यांचे सहकारी यांनीं १९६० साली दाखवून दिलें. १९६८ साली असा हेरिंग उणें २० अंशांवर २४ तास गोठविण्याची सक्ती झाली, आणि तो विकार तेथें दुर्मिळ झाला.

आपल्याकडे मासा कालवणांत शिजतो, हें बरेंच आहे. आंतपर्यंत ६० अंश उष्णता एक मिनिट मिळाली कीं अळी मरते. नुसत्या मिठाच्या वा आंबटाच्या हलक्या पुटानें मात्र ती मरेलच असें नाहीं. तेव्हां अळी दिसल्यास भिण्याचें कारण नाहीं. मासा लवकर साफ करावा आणि नीट शिजवावा, म्हणजे झालें.